स्प्लांख्निझोमाई
नव्या करारातील ग्रीक क्रियापद. अर्थ : कळवळा येणे, आतडे पिळवटणे. हृदय, यकृत, आतडी अशा आतील अवयवांना ‘स्प्लांख्ना’ म्हणत. त्यावरून ते बनले. ‘दया करणे’ हा प्रतिशब्द त्यापुढे फिका पडतो. ते 12 वेळा येते, तेही फक्त मत्तय, मार्क व लूक यांच्या शुभवर्तमानांत. कर्ता बहुधा येशू. एरवी दाखल्यांतील कर्ज माफ करणारा धनी, परतलेल्या मुलाकडे धावणारा बाप आणि वाटेत पडलेल्या जखमी माणसाला मदत करणारा शोमरोनी. या शोमरोन्याचा कळवळा मनात राहत नाही : तो जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधतो, जखमीला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, खर्चही सोसतो. मार्क 1:41 येथे कोडेक्स बेझी या हस्तलिखितात मात्र या क्रियापदाऐवजी ‘रागावून’ असा पाठ आहे.