पाहुण्या संघाचा माणूस कुठे बसतो?

१/
२० डिसेंबर २०१४. नेरूळचे डी. वाय. पाटील स्टेडियम. इंडियन सुपर लीगच्या पहिल्या हंगामाची अंतिम लढत. एका बाजूला केरळ ब्लास्टर्स, दुसऱ्या बाजूला अ‍ॅटलेटिको दे कोलकाता. सामना महाराष्ट्रात, पण मैदानावर महाराष्ट्राचा संघ नाही. अशा वेळी स्टेडियममधला ‘घरचा’ प्रेक्षक कोणता आणि ‘पाहुणा’ कोणता?

२/
केरळच्या संघाचा समर्थक कोचीहून आलेला असेल, तसाच अंबरनाथहूनही. काडेपेट्यांचा विमको कारखाना, आयुध निर्माणी आणि भोवतालचे इतर कारखाने यांनी या पट्ट्यात देशभरातून माणसे आणली. अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापुरात मल्याळी कुटुंबे दोन-दोन पिढ्या राहत आहेत. बदलापूर लोकल पकडायची, ठाण्याला गाडी बदलायची, नेरूळला उतरायचे. संघ पाहुणा असला तरी त्याचा समर्थक याच जिल्ह्याचा रहिवासी.

३/
त्यातही एक गंमत होती. केरळच्या संघाचा सहमालक सचिन तेंडुलकर, तर कोलकात्याचा सौरव गांगुली. सचिनसाठी केरळच्या बाजूने ओरडणारा मराठी मुलगा घरचा म्हणावा की पाहुणा? अखेरच्या क्षणी मोहम्मद रफीकने गोल केला आणि कोलकाता १-० ने जिंकले. प्रश्न मात्र शिल्लक राहिला, आणि मुंबई परिसरात तो शंभर वर्षांहून जुना आहे: सामन्यात कोणी कोणाशेजारी बसायचे, आणि हे ठरवायचे कोणी?

४/
आधी इंग्लंडकडे पाहणे आवश्यक आहे, कारण पाहुण्या समर्थकांना कुंपणापलीकडे बसवण्याची पद्धत तिथे रुजली. ही पद्धत फुटबॉलइतकी जुनी नाही. १९६०च्या दशकापर्यंत दोन्हीकडचे लोक बहुधा एकाच उभ्या गॅलरीत मिसळून असत. मध्यंतरात संघांनी बाजू बदलल्या की आपल्या संघाच्या हल्ल्याची बाजू पाहण्यासाठी प्रेक्षकही चालत दुसऱ्या टोकाला जात. पुढे हाणामाऱ्या वाढल्या आणि १९७०च्या दशकात लोखंडी जाळ्या व पिंजरेवजा कप्पे आले.

५/
२९ मे १९८५, ब्रुसेल्सचे हायसेल स्टेडियम. लिव्हरपूल विरुद्ध युव्हेंटस. लिव्हरपूलच्या समर्थकांलगतचा एक विभाग ‘तटस्थ’ प्रेक्षकांसाठी राखला होता. प्रत्यक्षात त्याची तिकिटे मोठ्या प्रमाणात युव्हेंटसच्या चाहत्यांच्या हाती गेली. मध्ये होती फक्त एक तकलादू जाळी. लिव्हरपूलच्या बाजूने लोंढा आला, घाबरलेले लोक भिंतीकडे सरकले, भिंत कोसळली. ३९ जण मृत्युमुखी पडले.

६/
यावरून ‘दोन गट शेजारी बसले म्हणून अनर्थ झाला’ असा निष्कर्ष सहज निघतो. चारच वर्षांनी, १५ एप्रिल १९८९ रोजी, शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर त्याची दुसरी बाजू दिसली. इथे समर्थक काटेकोरपणे वेगळे केलेले होते. पोलिसांनी दार उघडून गर्दी आधीच भरलेल्या कप्प्यांकडे जाऊ दिली. समोर कुंपण, बाजूंना कुंपण. लिव्हरपूलचे ९७ समर्थक अखेर प्राणास मुकले. प्रतिस्पर्धी संघाचा एकही माणूस त्यांच्यात मिसळलेला नव्हता.

७/
आपल्या देशातही अशी तारीख आहे. १६ ऑगस्ट १९८०, कलकत्त्याचे ईडन गार्डन्स. मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल. दोन्ही संघांचे समर्थक एकाच स्टँडमध्ये होते. मैदानावर खेळाडूंची झटापट झाली, तिचे पडसाद वर उमटले, चेंगराचेंगरी झाली आणि १६ जणांचा बळी गेला. आजही कलकत्त्यात या दिवशी त्यांचे स्मरण केले जाते.

८/
म्हणजे मिसळून बसणे एकदा जीवघेणे ठरले, वेगळे बसवणेही ठरले. तिकिटे कोणाच्या हाती, दारे किती, पोलीस काय करतात, यांवर प्रेक्षकाचा जीव अधिक अवलंबून राहिला. हे ध्यानात ठेवून आता मुंबईकडे वळावे. कारण इथे आसनांवरून मोठी भांडणे झाली, पण ती बहुतेक प्रेक्षकांची नव्हती. आसने वाटणाऱ्यांची होती.

९/
१८९२ मध्ये युरोपीय विरुद्ध पारशी असा प्रेसिडेन्सी सामना सुरू झाला. १९०७ मध्ये हिंदू संघ आला आणि तिरंगी स्पर्धा झाली. १९१२ मध्ये मुस्लिम संघ येऊन चौरंगी. संघ धर्मावरून, म्हणून पाठीराखेही धर्मावरून. येथे दोन्ही संघ एकाच शहराचे, अनेकदा एकाच पेठेचे. प्रतिस्पर्ध्याचा समर्थक आगगाडीने परगावाहून येत नसे; तो सकाळी दूध घेताना भेटलेला असे.

१०/
सामने होत ते बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर. हा जिमखाना १८७५ चा आणि सदस्यत्व केवळ युरोपियांना. म्हणजे हिंदू, पारशी, मुस्लिम असे सारेच प्रेक्षक तिथे एका अर्थाने पाहुणे! मैदानाच्या कडेने वेगवेगळ्या जिमखान्यांचे तंबू लागत आणि सभासद आपापल्या तंबूत बसत. साध्या तिकिटावर मात्र धर्म छापलेला नसे.

११/
आसनाचा प्रश्न संघाच्या आतही होता. हिंदू संघाचा श्रेष्ठ गोलंदाज पळवणकर बाळू दलित समाजातला. पुण्यात खेळताना त्याचे सहकारी त्याच्या गोलंदाजीवर सामने जिंकत. चहाच्या वेळी मात्र त्याला बाहेर, मातीच्या भांड्यात चहा मिळे. ज्याच्या नावाने सारे टाळ्या वाजवत, त्याच्या शेजारी बसायला ते तयार नव्हते. १९२३ मध्ये त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल हिंदू संघाचा कर्णधार झाला आणि त्या वर्षी संघाने युरोपियांवर मात करून स्पर्धा जिंकली.

१२/
७ डिसेंबर १९३७ रोजी क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या ब्रेबॉर्न स्टेडियमचे उद्घाटन झाले. भारतीयांना आता स्वतःचे भव्य स्टेडियम मिळाले होते. त्याच वर्षी ‘इतर’ म्हणजे ‘रेस्ट’ हा पाचवा संघ आला आणि स्पर्धा पंचरंगी झाली. पण या पहिल्याच पंचरंगीत हिंदू संघ खेळला नाही. कारण होते आसने! नव्या स्टेडियममध्ये कोणत्या जिमखान्याला किती जागा, यावर क्लब आणि हिंदू जिमखाना यांचे जुळले नाही.

१३/
या माघारीकडे नीट पाहिले पाहिजे. हिंदू प्रेक्षक मुस्लिम प्रेक्षकाशेजारी बसायला नाही म्हणाला, असे घडले नव्हते. वाद होता सभासदांना द्यायच्या तिकिटांचा, म्हणजेच प्रतिष्ठेचा आणि पैशाचा. परिणाम मात्र सामान्य माणसाने भोगला. नवे स्टेडियम पाहायला आलेल्या हजारोंना आपला आवडता संघ पाहता आला नाही. स्पर्धा मुस्लिम संघाने जिंकली.

१४/
डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याचे प्रतिनिधी वर्ध्यास गांधीजींना भेटले. धर्मावर आधारलेले संघ आपल्याला कधी समजलेच नाहीत आणि मुंबईकरांनी असे सामने बंद करावेत, असे मत गांधीजींनी दिले. स्पर्धेवर कडाडून टीका होत राहिली, तरी गर्दी ओसरली नाही. विरोधक म्हणत, ही स्पर्धा वैर पेरते. पाठीराखे म्हणत, सामन्यात लोक गुण्यागोविंदाने बसतात. दोघांच्याही म्हणण्याला आधार होता.

१५/
डिसेंबर १९४३. हिंदू विरुद्ध रेस्ट. विजय मर्चंट नाबाद २५०. हिंदूंच्या ५ बाद ५८१ धावा. उत्तरादाखल रेस्टचा पहिला डाव १३३ वर आटोपला. दुसऱ्या डावात ३८७ धावा झाल्या, त्यांपैकी ३०९ एकट्या विजय हजारेच्या. हजारे सांगलीचा, मराठी, धर्माने ख्रिस्ती. म्हणून तो ‘इतरां’मध्ये. ब्रेबॉर्नमधल्या मराठी हिंदू प्रेक्षकाने त्या दिवशी कोणाला आपला मानायचे? धर्म एका बाजूला नेत होता, भाषा दुसऱ्या. हजारेचा संघ डावाने हरला, पण सामना आठवतो तो त्याच्या खेळीसाठी.

१६/
१९४४च्या अंतिम सामन्यात मुस्लिम संघाने हिंदू संघाला अवघा एक गडी राखून हरवले. देशाच्या फाळणीची चर्चा तापलेली असताना ही लढत मुंबईत, भरलेल्या स्टेडियममध्ये, पूर्ण झाली. १९४५-४६ च्या हंगामानंतर स्पर्धा कायमची बंद पडली. दीड-दोन वर्षांत देशाचे दोन भाग झाले.

१७/
इथे कल्याणपलीकडच्या वसाहतीचा संबंध येतो. कराचीतही धर्मवार संघांची सिंध स्पर्धा भरत असे. कराचीचा नाऊमल जाऊमल १९३२ साली लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीत मराठमोळ्या जनार्दन नवलेबरोबर सलामीला उतरला होता. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना महायुद्धकाळातल्या लष्करी छावणीत, म्हणजे कल्याण कॅम्पात, आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारींनी तिचे नामकरण केले: उल्हासनगर.

१८/
या माणसांचे ‘घरचे मैदान’ एका रात्रीत परदेशात गेले. नाऊमल स्वतः बरीच वर्षे कराचीतच राहिला, तिथल्या क्रिकेटला घडवत राहिला, आणि पुढे भारतात आला. १९५५च्या आरंभी भारतीय संघ पाकिस्तानात कसोटी खेळायला गेला, तेव्हा लाहोरच्या सामन्यासाठी हजारो भारतीयांना सीमा ओलांडू दिली गेली. आठ वर्षांपूर्वी ज्या वाटेने निर्वासितांचे काफिले गेले, त्याच वाटेने प्रेक्षक गेले आणि लाहोरकरांमध्ये बसून त्यांनी सामना पाहिला.

१९/
आता मुंबईचे फुटबॉल. कूपरेजवरची रोव्हर्स चषक स्पर्धा १८९१ पासूनची, आरंभी लष्करी पलटणींची. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स हा ती जिंकणारा पहिला भारतीय संघ. १९४९ ते १९५९ या अकरा वर्षांत चषक मुंबईच्या संघाकडे एकदाच राहिला, १९५८ साली कॅल्टेक्सकडे. बाकी वर्षे हैदराबाद सिटी पोलीस, ईस्ट बंगाल, मोहन बागान, मोहमेडन स्पोर्टिंग. कूपरेजवर ‘पाहुणा’ संघ हाच नेहमीचा संघ होता. मुंबईकराने परक्यांवर प्रेम करायला तिथे शिकून घेतले.

२०/
आसनांच्या वादाने मात्र शहराची पाठ सोडली नाही. १९७०च्या दशकाच्या आरंभी क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि मुंबई क्रिकेट असोसिएशन यांच्यात पुन्हा तिकिटांच्या वाटपावरून बिनसले. क्लबच्या अध्यक्षपदी होते तेच विजय मर्चंट. असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेडे. तडजोड झाली नाही. परिणामी ब्रेबॉर्नपासून हाकेच्या अंतरावर दुसरे स्टेडियम उभे राहिले. १९३७च्या वादाने एक संघ घरी बसवला होता, या वादाने एक स्टेडियम बांधले.

२१/
वानखेडे स्टेडियमवरील पहिली कसोटी जानेवारी १९७५ मध्ये झाली. वेस्ट इंडिजच्या क्लाइव्ह लॉइडने द्विशतक पूर्ण केले (पुढे नाबाद २४२). एक प्रेक्षक अभिनंदनासाठी मैदानात धावला, प्रतिस्पर्धी कर्णधाराच्या अभिनंदनासाठी! पोलिसांनी त्याला मारहाण केली. ते पाहून गर्दी खवळली, जाळपोळ झाली आणि त्या दिवशीचा खेळ थांबवावा लागला. दंगल दोन संघांच्या चाहत्यांत नव्हती. पाहुण्याचे कौतुक करणाऱ्याला मारले, म्हणून घरचे प्रेक्षक पोलिसांवर उसळले होते.

२२/
हा इतिहास मुंबईला निर्दोष ठरवत नाही. बाळूचा वेगळा चहा याच इतिहासातला, धर्मवार तंबूही याच इतिहासातले. पण वेगळे बसवण्याचे निर्णय पुन्हा पुन्हा वरून आले: जिमखान्याचे सदस्यत्व, तिकिटांचा कोटा, वाटपाचा करार. जिथे साधे तिकीट काढून माणूस आला, तिथे तो मिळेल त्या जागी, मिळेल त्या शेजाऱ्यासोबत बसला.

२३/
आता भारतीय फुटबॉलमध्येही पाहुण्या समर्थकांसाठी निराळे स्टँड राखले जातात. १९८० आठवले की त्यामागची काळजी समजते. हिल्सबरो आठवले की केवळ भिंत पुरेशी नाही हेही समजते. आणि अंबरनाथचा मल्याळी प्रेक्षक आठवला की तिसरी अडचण दिसते: त्याला कोणत्या स्टँडचे तिकीट द्यायचे? पिवळी जर्सी घालून तो पाहुण्यांत बसेल. सामना संपल्यावर ठाण्याहून बदलापूरकडे जाणाऱ्या लोकलमध्ये तो आणि मुंबईचा समर्थक एकाच बाकावर असतील, आणि निकालावरचा वाद कल्याण येईपर्यंत तरी संपणार नाही.

(धागा समाप्त)