कोलकात्याच्या किल्ल्यातील धान्यागार : बांधणी आणि हेतू

कोलकात्यातील फोर्ट विल्यमचे डिसेंबर २०२४ मध्ये ‘विजय दुर्ग’ असे नामांतर झाले. हे नाव कोकण किनाऱ्यावरील मराठी आरमाराच्या दुर्गावरून घेतलेले असल्याने मराठी अभ्यासकाचे लक्ष या किल्ल्याकडे वेधले जाणे स्वाभाविक आहे. तटबंदीइतकाच येथील धान्यागाराचा इतिहासही उद्‌बोधक आहे.

पलाशीच्या लढाईनंतर १७५८ मध्ये या किल्ल्याचे बांधकाम सुरू झाले. त्यातील धान्यागारावरील लेखात ५१,२५८ मण तांदूळ व २०,०२३ मण भात मार्च ते मे १७८२ या महिन्यांत साठविल्याची नोंद आहे. हे काम शिबंदीच्या रसदीचा अधिकारी जॉन बेली याच्या देखरेखीखाली झाले. ही वेळ अर्थपूर्ण आहे. बंगालमधील आमन भात हिवाळ्यात निघते आणि पावसाळ्यापूर्वीच्या कोरड्या हवेत ते कोठारात जाणे इष्ट असते. तांदूळ लगेच शिजविता येतो, तर तूस असलेले भात अधिक काळ टिकते. दोन्हींचा साठा वेढ्याची तयारी दर्शवितो.

गंगेच्या गाळप्रदेशात दगड दुर्मीळ असल्याने वीट, चुना आणि सुरखी हेच बांधकामाचे मुख्य साहित्य होते. पन्हाळ्यावरील गंगा, यमुना व सरस्वती ही कोठारे मात्र दगडी आहेत. त्यांच्या छतातील झरोक्यांतून धान्य आत ओतले जाई. हेच तत्त्व पाटण्याच्या विटांच्या ‘गोलघरा’त भव्य प्रमाणावर आढळते. कोलकात्याच्या आदेशावरून कॅप्टन जॉन गार्स्टिनने ते १७८६ मध्ये पूर्ण केले. त्याची उंची सुमारे २९ मीटर असून आत एकही खांब नाही. घुमटाचा आणि धान्याचा बाहेरचा रेटा सोसण्यासाठी पायथ्याची भिंत सुमारे ३.६ मीटर जाड ठेवली आहे. बाहेरील वळणदार जिन्यांनी धान्य माथ्यावर नेऊन तेथील छिद्रातून ओतावे आणि पायथ्याच्या दारांतून काढावे, अशी योजना होती.

रचनेपेक्षा हेतूतील भेद अधिक महत्त्वाचा आहे. किल्ल्यातील साठा सैन्यासाठी होता; गोलघर मात्र प्रजेसाठी उभारले गेले. १७७० च्या दुष्काळात बंगालची सुमारे एक तृतीयांश लोकसंख्या नष्ट झाल्याचा अंदाज वॉरन हेस्टिंग्जने १७७२ मध्ये नोंदविला होता. त्याच्याच कारकिर्दीत, २० जानेवारी १७८४ रोजी, या प्रांतांतील दुष्काळाचे कायमचे निवारण करण्यासाठी एक व्यापक योजना मंजूर झाली. गोलघर हा तिचा पहिला भाग होता आणि तोच अखेरचा ठरला.

गोलघरावरील लेखात ते प्रथम कोणी भरले व समारंभपूर्वक बंद केले, ते नाव कोरण्यासाठी जागा सोडलेली आहे. ती आजही रिकामी आहे. शिबंदीच्या कोठारावर मणामणाचा हिशेब कोरला गेला, प्रजेच्या कोठारावर मात्र केवळ संकल्प कोरला गेला. कंपनी सरकारच्या अन्ननीतीचे याहून स्पष्ट साधन क्वचितच आढळेल.