एकाच खळीची फुलं

कागदाचं फूल करायला शिकायचं असेल तर सुरुवात झेंडूपासून करावी. गुलाब नंतर. गुलाबाची एक पाकळी वाकडी गेली तर सगळं फूल वाकडं दिसतं. झेंडू मात्र माफ करतो. पतंगी कागदाची चार बोटं रुंद आणि हातभर लांब पट्टी घ्यायची, लांबीत मधोमध दुमडायची आणि दुमडलेल्या कडेकडून कात्रीनं बारीक काप देत जायचं. उघड्या कडेचं अर्धं बोट मात्र अखंड ठेवायचं. त्या अखंड कडेला खळ लावून पट्टी बांबूच्या कामटीभोवती घट्ट गुंडाळायची. मग वरून हलकेच बोटं फिरवायची, की झेंडू फुलतो. सात-आठ वर्षांच्या मुलाला पहिल्याच दिवशी जमतो.

हे मला माझ्या दादीनं शिकवलं. किकवीला आमच्या घराच्या ओसरीवर. पुणे-सातारा रस्त्यावरचं, भोर तालुक्यातलं हे गाव. रस्त्यावरून रात्रंदिवस ट्रक जायचे आणि ओसरीवर दादी फुलं वळत बसायची. कागद पुण्याहून यायचा, रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून. एस.टी.नं स्वारगेटला उतरून अब्बा ताव घेऊन यायचे. गुंडाळी चुरगळू नये म्हणून परतीच्या गाडीत ती मांडीवर उभी धरून बसायचे. दादीचं गिऱ्हाईक दोन प्रकारचं. एक ताबूतवाले, दुसरे गणपतीच्या मखराचे. लग्नाच्या मांडवाचं कामही यायचं, पण ते उधारीचं म्हणून ती नाखुशीनंच घ्यायची.

पुढे बी.ए.ला इतिहास हा विषय घेतला तेव्हा या फुलांच्या मागं मागं जात राहिलो. आपल्याकडं कागदाचा इतिहास लिहिला जातो तो दप्तरांचा. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागद होत आला आहे. त्याची परंपरा मुहंमद तुघलकानं चौदाव्या शतकात दौलताबादला राजधानी हलवली तिथवर नेतात. जुन्नरचा कागद तर मराठी दप्तरांमधून घरोघरी माहीत. पुण्यात कसबा पेठेतला कागदीपुरा आजही नावानं टिकून आहे. हे कागद करणारे कागदी बहुतेक मुसलमान. ताग-सणाचा लगदा करून, चौकटीवर ताव उचलून, वाळवून, खळ लावून, शेवटी गुळगुळीत दगडानं घोटायचे. दोन-तीनशे वर्षांपूर्वीच्या मोडी कागदांवरची शाई आज वाचता येते, ती या घोटण्यामुळं. शाळेत आपण ज्याला ‘घोटीव कागद’ म्हणत होतो तो रंगीत, चकचकीत कागद गिरणीतला असतो, त्याला कोणी दगडानं घोटलेलं नसतं. पण नाव मला वाटतं या कागद्यांच्या दगडाचंच राहिलं आहे.

आता गंमत बघा. हा टिकाऊ कागद फुलाच्या कामाचा नाही. सनद लिहायला मजबूत कागद हवा, फुलाला अशक्त. वाऱ्यानं हलेल, खळीनं चटकन चिकटेल, कात्रीला अडणार नाही असा. असा पातळ, रंगीत आणि स्वस्त कागद सामान्यांच्या हातात आला तो यंत्रांच्या काळात. १८८०च्या दशकात पुण्याजवळ मुंढव्याला कागदाची गिरणी आली, परदेशी मालही बाजारात होताच. म्हणजे ज्या काळानं कागद्यांचं पोट मारलं, त्याच काळानं फुलं वळणाऱ्यांना काम दिलं. क्रेप कागद तर आणखी मजेदार. एका बाजूनं ओढला तर ताणतो, दुसऱ्या बाजूनं नाही. गुलाबाची पाकळी कापताना ताण आडवा ठेवायचा, मग मध्ये अंगठे लावून ओढलं की पाकळीला पोट येतं. ताण उभा ठेवलात तर पाकळी सपाटच राहते. मी असे किती ताव वाया घालवले असतील!

ही फुलं जायची कुठं? दख्खनमधल्या मुसलमानांचे रीतिरिवाज जाफर शरीफ यांनी लिहिले आणि हर्क्लॉट्स नावाच्या डॉक्टरनं १८३२ साली ते ‘कानून-ए-इस्लाम’ या नावानं इंग्रजीत आणले. त्यात मोहरमच्या ताबुताची घडण दिली आहे. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर जाळीसारखा कातरलेला कागद, मागून अभ्रकाचे तुकडे. म्हणजे दादी जे करायची ते दीडशे वर्षांपूर्वी तसंच होतं, फक्त अभ्रकाच्या जागी बेगड आली होती. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचे उंचच उंच ताबूत ज्यांनी पाहिले असतील त्यांना हे काम किती मोठं होऊ शकतं ते माहीत आहे. आधी कळस, मग पाया अशी तिथली बांधणी, असं तिथले लोक सांगतात. त्यातले कितीतरी ताबूत हिंदू घरांच्या मानाचे आहेत. ग्वाल्हेरला शिंदे सरकारचा ताजिया निघायचा. गावोगावी पंजे बसायचे, नवस व्हायचे, आणि नवस फेडणाऱ्याची जात कुणी विचारत नसे. ताबूत करूच नयेत असं मानणारे मुसलमानही आहेत, हेही सांगायला हवं. आमचे अब्बाच त्या मताचे होते. कागद मात्र तेच आणायचे.

मग १८९३ साल आलं. ऑगस्टमध्ये मुंबईत दंगल झाली. पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सवाची सुरुवात त्याच सुमाराची, आणि १८९४ मध्ये लोकमान्य टिळकांच्या पाठबळानं तो मोठा झाला. हिंदूंनी ताबुतांत जाऊ नये असा प्रचार झाला आणि त्या वर्षी पुण्याच्या मोहरममधला हिंदूंचा सहभाग एकदम ओसरला. इतिहासाच्या पुस्तकात हे मिरवणुका, वाद्यं, मेळे आणि राजकारण या अंगानं येतं, आणि ते योग्यच आहे. मी मात्र ते प्रकरण वाचताना कामट्या आणि खळ शोधत होतो. मखराचा सांगाडा बांबूचाच, त्यावर कागदाची जाळीच, कमानीला फुलंही तीच. मिरवणुका वेगळ्या झाल्या, हात तेच राहिले.

आमच्या गल्लीत हे मी डोळ्यांनी पाहिलं. हिजरी वर्ष दरसाल दहा-अकरा दिवस मागं सरकतं. त्यामुळं बत्तीस-तेहतीस वर्षांनी एकदा मोहरम आणि गणपती एकत्र येतात. १९८६च्या सप्टेंबरात ते तसे आले. मोहरमची दहावी आणि अनंत चतुर्दशी एक-दोन दिवसांच्या अंतरानं. दिवस बरे नव्हते. दोन वर्षांपूर्वी भिवंडीची दंगल झालेली. त्या वर्षी फेब्रुवारीत अयोध्येचं कुलूप उघडलेलं, मे महिन्यात शाहबानो प्रकरणातून आलेला कायदा झालेला. मी सोळा वर्षांचा होतो आणि वर्तमानपत्र दादीला मोठ्यानं वाचून दाखवायचो. ती ऐकत ऐकत काप देत राहायची.

त्या आठवड्यात एक गृहस्थ ओसरीवर येऊन म्हणाले, ‘‘आजी, ताबुताच्या कागदातली फुलं आमच्या मखराला नकोत, वेगळी करून ठेवा.’’ दुसऱ्या दिवशी आमच्यातलेच एक जण आले. त्यांचं म्हणणं, इमामांच्या ताबुताला लागणारा हात त्या दहा दिवसांत मूर्तीच्या कामाला लागू नये. दादी दोघांनाही काही बोलली नाही. दोघं एका संध्याकाळी समोरासमोर आले तेव्हा तिनं आतून मोठी पाटी आणली. झेंडू, गुलाब, कमळं, सगळी एकत्र. म्हणाली, ‘‘लो बाबा, इसमें से अपने अपने चुन लो.’’

दोघंही पाटीकडं बघत राहिले. गणपतीवाले गृहस्थ मुकाट्यानं हाताला आली ती फुलं उचलून गेले. आमचे नातलग तसेच निघून गेले. दोन दिवसांनी त्यांची बायको परडी घेऊन आली आणि परडीभर फुलं घेऊन गेली. ते स्वतः मात्र पुढं वर्षभर दादीशी बोलले नाहीत.

शाळेतही फूल होतंच. १९३७ साली वर्ध्याला शिक्षण परिषद झाली, झाकिर हुसेन समितीनं उद्योगातून शिक्षणाचा आराखडा दिला. सूतकताईबरोबर पुठ्ठाकामही त्यात होतं. आपल्याकडच्या कितीतरी जिल्हा परिषद शाळांवर ‘जीवन शिक्षण’ हे शब्द असतात, ते त्याच विचाराचे वारस. कोठारी आयोगानं १९६६च्या अहवालात कामाच्या अनुभवाचा आग्रह धरला आणि आमच्या वेळापत्रकात ‘कार्यानुभव’ हा तास आला. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी तो गणिताला दिला जायचा. आमच्या गुरुजींनी एकदा मात्र कागदी फूल करायला सांगितलं. मी नेलेला झेंडू पाहून त्यांनी विचारलं, ‘‘घरून कुणाकडून करून आणलास?’’ मी तिथंच बसून दुसरा करून दाखवला. मला आयुष्यात हस्तकलेत मिळालेली ती एकमेव शाबासकी.

पुढं कवितेच्या वाटेला लागलो तेव्हा कळलं की आपल्या भाषेत ‘कागदी फूल’ ही जवळजवळ शिवी आहे. वास नाही, जीव नाही, खोटं ते कागदी. गुरुदत्तचा ‘कागज के फूल’ १९५९ मध्ये पडला तेव्हापासून तर त्यात उदासीही भरली. मी एका कवितेत तसाच शब्द वापरला आणि हौसेनं दादीला वाचून दाखवला. ती म्हणाली, ‘‘झूठा कैसा? सूखता नै, इतनाच.’’ ती ओळ मी खोडली.

नव्वदीनंतर प्लास्टिकची फुलं आली, मखराला थर्माकोल आला, आणि ओसरीवरचं काम थांबलं. दादीही गेली. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनानं प्लास्टिकच्या अनेक वस्तूंवर आणि सजावटीच्या थर्माकोलवर बंदी घातली. त्या वर्षी गणपती १३ सप्टेंबरला बसले, मोहरमची दहावी २१ला आणि अनंत चतुर्दशी २३ला. १९८६चं पंचांग पुन्हा आल्यासारखं. प्लास्टिकची फुलं तरी बाजारात राहिलीच. २०२५ मध्ये फूलशेतकऱ्यांच्या तक्रारीवरून त्यांचा विषय विधिमंडळातही आला.

त्या २०१८च्या ऑगस्टमध्ये गावातली मंडळाची चार पोरं माझ्याकडं आली. थर्माकोल चालत नाही, कागदाची फुलं कशी करतात ते दाखवा म्हणाली. मोबाईलवर पाहून त्यांनी गुलाब करून बघितला होता, तो अर्थातच वाकडा झाला होता. मी त्यांना झेंडूवर बसवलं. दुपारपर्यंत पन्नासेक झाले. मग लक्षात आलं की नुसत्या मैद्याच्या खळीला झुरळं लागतात. दादी तीत काहीतरी घालायची, ते मला आठवेना. साताऱ्याला फुफीला फोन लावला. ती दादीची धाकटी लेक, आता सत्तरीच्या पुढची.

‘‘मोरचूद,’’ ती म्हणाली. ‘‘चिमूटभर. खळ निवताना घालायचा. आणि पोरांना सांग, हात धुतल्याशिवाय मोदकाला हात लावू नका.’’