शहरातली घरे वगळून

हैदराबादेत जुने घर विकायला काढले, की आधी कागदांची जुळवाजुळव सुरू होते. मूळ खरेदीखत, त्यामागची लिंक डॉक्युमेंट, ईसी म्हणजे बोजा प्रमाणपत्र, घरपट्टीच्या पावत्या, असेल तर मंजूर नकाशा. मग घेणाऱ्याचा वकील जागेवर येतो आणि विचारतो, की कंपाउंडची भिंत नकाशात आहे तिथेच आहे का? मागच्या अंगणावरचे पत्रे, रस्त्याकडेचा चबुतरा, गच्चीवरची खोली कोणत्या कागदात आहे? बहुतेक घरांपाशी याचे उत्तर नसते. मग धावपळ करून नवी मोजणी, नवा आराखडा, वाढीव बांधकामाची घरपट्टी असे सोपस्कार उरकले जातात आणि दोष मालकाच्या आळसाला किंवा लबाडीला दिला जातो. मला हा निवाडा अर्धवट वाटतो. या शहराचे कागद भिंत आणि चबुतरा टिपण्यासाठी बनलेच नाहीत. सरकारला त्यांतून सारा, कर आणि मुद्रांक शुल्क हवे होते. ज्या बांधकामातून यांपैकी काहीच निघत नव्हते, ते दीडशे वर्षे नोंदीबाहेर राहिले.

दिवाण सालारजंगांच्या कारकिर्दीत, 1870 च्या दशकात, निजामाच्या राज्यात जमीन मोजणी सुरू झाली ती मुंबई इलाख्याच्या धर्तीवर. टिपण आणि सेतवार हे कागद नांदेड-परभणीच्या शेतकऱ्याला जितके ओळखीचे, तितकेच मेदकच्या. तिथे जमीन शेतानुसार मोजली, प्रत लावली, आकार बसवला. 1317 फसलीचा, म्हणजे 1907-08 चा जमीन महसूल कायदाही याच हिशेबाचा. या मोजणीत वस्तीची जागा, म्हणजे आपले गावठाण आणि तिकडची आबादी, आतून मोजायचे कारणच नव्हते, कारण घराच्या जोत्यावर पीक येत नाही. शिवाय राज्याचा सुमारे 40 टक्के मुलूख जहागिरी आणि निजामाच्या खासगी सर्फ-ए-खास जमिनींत अडकलेला होता. 1949 मध्ये दोन्ही संपल्या, 1954-55 मध्ये खासरा पहाणी झाली आणि पुढच्या दशकांत याच शेतजमिनींवर शहर पसरले. त्यामुळे उपनगरातल्या कितीतरी घरांची मूळ ओळख आजही एका शेताचा सर्व्हे नंबर आणि त्यापुढे ‘भाग’ एवढीच आहे.

घरे घरे म्हणून मोजली गेली ती संकटामुळे. 28 सप्टेंबर 1908 ला मुसी नदीला पूर आला. मृतांचा आकडा 15 हजारांच्या आसपास सांगतात, आणि हजारो घरे वाहून गेली. विश्वेश्वरय्यांना सल्ल्यासाठी बोलावले गेले, पुढे उस्मानसागर आणि हिमायतसागर हे जलाशय बांधले गेले, 1912 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट बोर्ड स्थापन झाले. याच काळात लिओनार्ड मन यांच्या देखरेखीखाली शहराची तपशीलवार मोजणी झाली. ते नकाशे पाहताना थक्क व्हायला होते. देवड्यांच्या, म्हणजे सरदारांच्या वाड्यांच्या आवारभिंती, विहिरी, मशिदी, देवळे, बोळ असे जवळजवळ सगळे जिथल्या तिथे आहे. कुणाचे आवार कुठे संपते हे या शहराने इतक्या बारकाईने त्याआधी कधी कागदावर आणले नव्हते, आणि माझ्या मते त्यानंतरही नाही. पण हे काम घरमालकासाठी नव्हते. गटारे कुठून न्यायची, रस्ता कुठे रुंद करायचा, दाट वस्ती कुठे पाडायची, यासाठी ते होते. बोर्डाने पथ्थरगट्टीचा रस्ता आखला, दगडी कमानींची दुकाने उभी केली आणि जुन्या घरांची हद्द तिथे कायमची बदलली. गरज भागल्यावर नकाशे जागच्या जागी राहिले. नव्या भिंतीची रेघ त्यावर ओढणे कोणत्याही कचेरीचे रोजचे काम झाले नाही.

यावर वकील मंडळींचा ठरलेला आक्षेप असतो, की नकाशा कशाला, खरेदीखतात चतुःसीमा असतेच. आक्षेप पोकळ नाही. सर्व्हे नंबर चुकला पण चतुःसीमा जुळली, तर चतुःसीमेला मान द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्ये मानले आहे. पण चतुःसीमा म्हणजे पूर्वेला अमुक यांचे घर आणि दक्षिणेला गल्ली. 1908 च्या नोंदणी कायद्याचे कलम 21 शहरातल्या घराचे वर्णन असेच मागते: कोणत्या रस्त्याच्या कोणत्या बाजूला, आज कोण राहते, आधी कोण राहत होते, नंबर असल्यास नंबर. शेजारी पिढ्यानपिढ्या तेच असतील तोवर हे चालते. हैदराबादेत ते टिकले नाहीत. 1948 च्या पोलीस कारवाईनंतर आणि 1956 च्या राज्य पुनर्रचनेनंतर माणसांची मोठी उलथापालथ झाली. शेजाऱ्याचे नाव बदलत गेले, त्याने भिंत हातभर सरकवली, तरी नव्या खतात जुनीच ओळ उतरत राहिली.

त्याच कायद्याचे कलम 22 याहून बोलके आहे. सरकारी नकाशा किंवा मोजणीच्या आधारे मिळकतीचे वर्णन सक्तीचे करण्याचा अधिकार ते राज्य सरकारला देते, आणि लगेच अपवाद करते, तो शहरातल्या घरांचा. म्हणजे जिथे इंचाइंचाला भाव, तिथेच नकाशाची सक्ती नको, असे कायदाच सांगून बसला. आज तेलंगणात घराच्या खतासोबत रजिस्ट्रेशन प्लॅन आणि परिशिष्ट 1-अ जोडतात. त्या परिशिष्टात छत कोणत्या प्रकारचे, इमारतीचे वय किती, बांधीव क्षेत्र किती असे प्रश्न असतात. सगळे मूल्यांकनाचे, आणि उत्तरे लिहून देणाऱ्याची. आवारभिंतीला तिथे रकाना नाही.

दुसरा आक्षेप अधिक कडक आहे. लोकांना नोंद नकोच असते, नोंद केली की घरपट्टी वाढते आणि सोडायची मोकळी जागा खाल्लेली उघडी पडते. खरे आहे. पण ही सवय कुणी जोपासली? 15 डिसेंबर 2007 पर्यंतची अनधिकृत बांधकामे दंड घेऊन नियमित करण्याची योजना आली. 2015 मध्ये 28 ऑक्टोबर ही नवी मुदत धरून दुसरी आली, आणि तिच्यावरचे अंतिम निर्णय उच्च न्यायालयात अडकले. 2020 मध्ये भूखंडांसाठी आणखी एक आली. दर काही वर्षांनी जुने माफ होणार हे दिसत असताना बांधल्याबरोबर नोंद करणारा मालक हाच वेडा ठरतो. लबाडी आहेच, पण तिचा हिशेब सरकारी तारखांवर बसवलेला आहे.

महाराष्ट्रात हे सुटले आहे, असे मात्र समजू नये. मुंबईत लॉटन यांची मोजणी 1865 ते 1872 या काळात झाली, आणि नगर भूमापन झालेल्या शहरांत मिळकत पत्रिका घराबरोबर मालकामागून मालकाकडे जाते. हा मोठाच फरक आहे. तरी पत्रिकेवरचे क्षेत्र जमिनीचे असते, मागे वाढवलेल्या ओट्याचे नाही. हैदराबादेतही मद्रासचा 1923 चा मोजणी आणि हद्दीचा कायदा तेलंगणाला लागू झाल्यावर नगर मोजणी झाली. वॉर्ड, ब्लॉक, टाउन सर्व्हे नंबर असलेली टीएसएलआर नावाची वही तयार झाली. पण लोक मकान नंबरावरच चालत राहिले. घर वाटले की नंबरापुढे तिरकी रेघ आणि आणखी एक आकडा, एवढीच त्यांची पोटहिश्श्याची पद्धत. वहीतल्या नोंदीने मालकी ठरत नाही असे न्यायालये म्हणत असल्याने ती अद्ययावत ठेवण्याची निकड कुणालाच वाटली नाही.

म्हणून विक्रीच्या वेळी मोजणी सक्तीची करा, हा लोकप्रिय उपाय मला अपुरा वाटतो. त्या क्षणी विकणाऱ्याला पैशाची घाई असते, घेणाऱ्याला कर्जाची, आणि मोजणीदाराकडून दोघांना हवा तसा आराखडा मागितला जातो. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम 55 विकणाऱ्याला माहीत असलेला, पण घेणाऱ्याला साध्या काळजीने न कळणारा दोष उघड करायला लावते. भिंत डोळ्यांना दिसते, तिची चुकलेली जागा दिसत नाही, आणि ती विकणाऱ्यालाही ठाऊक नसेल तर कलमाचा उपयोग काय? रेघ बांधताना ओढली गेली पाहिजे. गरीब मालकाला मोजणीचा खर्च कुठून झेपणार, हा प्रश्न रास्त आहे. पण बांधकाम परवानगीच्या 2020 च्या टीएस-बीपास कायद्याने 75 चौरस गजांपर्यंतच्या जागेवर एक रुपयात बांधकामाची नोंद करू दिली आहे. रुपयात नोंद होऊ शकते, तर सरकारी खर्चाने भिंतीची मोजणी का होऊ नये? एप्रिल 2025 पासून अमलात आलेल्या भू भारती कायद्याने खरेदीखताला मोजणीचा नकाशा जोडण्याची तरतूद केली आहे, पण ती शेतजमिनीसाठी. शहरातली घरे याही वेळी वगळलेली आहेत.