मैदान कोणाचं? चर्चगेट ते बीड

आज आपण मुंबईच्या चर्चगेट भागातल्या स्टेडियमांचा इतिहास पाहणार आहोत. बीडमध्ये बसून चर्चगेटचं काय, असं कुणी विचारेल. पण मैदान कोणाचं, हा प्रश्न तिथे जवळपास दीडशे वर्षांपूर्वी उभा राहिला आणि आपल्याकडे तो अजून मिटलेला नाही.

आजची आझाद मैदान, क्रॉस मैदान आणि ओव्हल ही एकेकाळी एस्प्लनेड नावाच्या एकाच मोकळ्या पटांगणाची अंगं. त्यावर हिंदी पोरं क्रिकेट खेळायची. युरोपियनांच्या बॉम्बे जिमखान्याला स्वतःची राखीव जागा होती, तरी त्यांचा पोलो मात्र या सार्वजनिक मैदानावर चालायचा. घोड्यांच्या टापांनी जमीन उखडायची. १८८१ मध्ये हिंदी खेळाडूंनी सरकारकडे अर्ज केला. हा झगडा बरीच वर्षं चालला.

पुढे सरकारने समुद्राकाठी जिमखान्यांना जागा दिल्या. पारशी, हिंदू, मुस्लिम, अशी धर्मानुसार वाटणी झाली. म्हणजे मैदान मिळालं, पण कुंपणासकट. हिंदू संघातही पळवणकर बाळू यांच्यासारखा थोर गोलंदाज दलित असल्यामुळे कर्णधार होऊ शकला नाही. त्यांचे भाऊ विठ्ठल यांना १९२३ मध्ये तो मान मिळाला.

१९३७ मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियम उभं राहिलं. मालकी क्रिकेट क्लब ऑफ इंडियाची. सामने भरवायचे असोसिएशनने आणि मैदान क्लबचं, त्यामुळे तिकिटांच्या वाट्यावरून कुरबूर सुरू झाली आणि वाढतच गेली. शेवटी असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेडे यांनी वेगळं स्टेडियम बांधायचं ठरवलं. ते विदर्भातले आणि त्या वेळी विधानसभेचे अध्यक्षही होते. ब्रेबॉर्नपासून हाकेच्या अंतरावर, रेल्वेरुळांना लागून नवं स्टेडियम झालं. जानेवारी १९७५ मध्ये तिथे पहिली कसोटी झाली आणि वेस्ट इंडीजच्या क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ धावा काढल्या.

बघा, १८८१ चं भांडण खेळायच्या जागेचं होतं. १९७० च्या दशकातलं भांडण बघायच्या जागेचं. खेळणारा आता वादात कुठेच नव्हता. त्याच्यासाठी ओव्हल, आझाद आणि क्रॉस ही मैदानं उरली होती. मुंबईला तितके खेळाडू मिळाले त्यामागे ही मोकळी मैदानं आहेत, असं आम्हाला वाटतं.

आता आपल्याकडे येऊ. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे स्टीपलचेस शिकला तो सैन्यात गेल्यावर. त्याने २०२२ मध्ये राष्ट्रकुल रौप्य आणि २०२३ मध्ये आशियाई सुवर्ण जिंकलं. बीडच्या सचिन धसने २०२४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात, उपांत्य सामन्यात भारत ४ बाद ३२ असताना येऊन ९६ धावा केल्या. गुण इथे आहे, याला आणखी काय पुरावा हवा?

राज्याच्या धोरणात विभाग, जिल्हा, तालुका अशी क्रीडा संकुलांची रचना आहे. ती हवीच. पण संकुलाची घोषणा झाली की आपण पहिल्यांदा विचारतो, माणसं किती बसतील? आमचं म्हणणं एवढंच, की सकाळी सहाला फाटक कोणासाठी उघडणार आणि खेड्यातून आलेल्या मुलीला आत जायला किती पैसे पडणार, हे आधी विचारा. चर्चगेटच्या इतिहासातून बीडने घ्यायचं ते हेच.