कुलूप तोडायचे नाही!

मागच्या दिवाळीत आपल्या वर्गातल्या एका मित्राचा फोन आला. "तू इंजिनीअर ना? मग एक कुलूप उघडून दे." मी सॉफ्टवेअरवाली, कुलपाशी माझा संबंध पासवर्डपुरता. पण कुलूप कशाचे ते कळले आणि दुसऱ्याच दिवशी मी त्याच्या घरी गेले.

शाळेच्या वाटेवरचे व्हिडिओ गेमचे दुकान आठवते ना? ते त्याच्या वडिलांचे. आपण सगळे त्यांना काका म्हणायचो. रुपयाचे नाणे टाकले की खेळ सुरू. मुले आत, आणि आम्ही मुली बाहेरून नुसते आवाज ऐकायचो. दुकान केव्हाच बंद झाले, काकाही गेले. एक मशीन मात्र पडवीत राहिले होते. स्नेहसंमेलनाला ते चालू करायचे मित्राच्या मनात होते, पण नाण्यांच्या दाराची किल्ली सापडेना. कोणीतरी ड्रिल मारायला सुचवले. मित्र म्हणाला, "रोज रात्री अण्णा हे कुलूप उघडून हिशोब करायचे. ते तोडायचे नाही."

कुलूप होते गोल, नळीच्या किल्लीचे. अमेरिकेत १९३० च्या दशकापासून अशी कुलपे नाणे टाकून चालणाऱ्या यंत्रांवर दिसू लागली. पुढे १९७८ मध्ये 'स्पेस इन्व्हेडर्स' आणि १९८० मध्ये 'पॅकमॅन' आले आणि गेमच्या मशीनबरोबर ती जगभर गेली. आत बहुधा सात पिना गोलाकार बसवलेल्या असतात आणि प्रत्येकीमागे एक स्प्रिंग. किल्लीच्या तोंडावरच्या खाचा प्रत्येक पिनेला नेमके हवे तेवढेच आत ढकलतात, तेव्हाच कुलूप फिरते.

कुलपांचा इतिहास वाचायला लागले तेव्हा तो माझ्याच क्षेत्राचा निघाला. लंडनमध्ये जोसेफ ब्रामा यांच्या कंपनीने एक कुलूप खिडकीत मांडून ते उघडणाऱ्याला २०० गिनींचे बक्षीस लावले होते. कित्येक दशके कोणाला जमले नाही. १८५१ च्या महाप्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कारागिराने १६ दिवसांत मिळून ५१ तास खटपट करून ते उघडले. कुलपातले दोष असे उघड करावेत का, यावर मोठा वाद झाला. हॉब्ज यांचे म्हणणे असे की चोरांना ते आधीच ठाऊक असतात; अंधारात राहतो तो कुलूप विकत घेणारा. आमच्या ऑफिसात सिक्युरिटीच्या मीटिंगमध्ये आजही हाच वाद चालतो.

आपल्याकडची कहाणी तर नाशिकपर्यंत येते. अर्देशीर गोदरेज यांनी झांझिबारमधल्या एका खटल्यानंतर वकिली सोडली, कारण खोटे बोलणे त्यांना मान्य नव्हते. मुंबईत वाढलेल्या घरफोड्यांची बातमी वाचून १८९७ मध्ये त्यांनी लालबागच्या एका शेडमध्ये कुलपे बनवायला सुरुवात केली. त्या काळच्या कुलपांत स्प्रिंग हा कच्चा दुवा होता. ती गंजली किंवा तुटली की किल्ली असूनही कुलूप निकामी. अर्देशीर यांनी बिनस्प्रिंगचे कुलूप घडवले आणि १९०९ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. १९२८ मध्ये कारखाना धाकटे भाऊ पिरोजशा यांच्या हाती सोपवून ते शेती करायला आले ते आपल्या नाशिकला! १९३६ मध्ये ते वारले. दहा वर्षे नाशिकच्या शाळेत शिकून हे मला चाळिशीनंतर कळले.

आता आमचे कुलूप. पुढे सात पिनांचा बंदोबस्त, पण मशीनची पाठ नुसत्या प्लायवूडची, आठ स्क्रूंवर बसवलेली! ते काढले, आत हात घालून पान्याने कुलपामागचे नट सोडवले आणि ओरखडाही न पडता कुलूप हातात आले. त्यातल्या पाच स्प्रिंगा गंजून गेल्या होत्या. भद्रकालीतल्या किल्लीवाल्या चाचांनी कुलूप निरखून पाहिले. "नवीन टाका, ताई. स्वस्तात पडेल." मी नको म्हटल्यावर त्यांनी निकामी पिना काढल्या, दोन चांगल्या ठेवल्या आणि पितळी नळीचा तुकडा कानशीने घासून दोन खाचांची किल्ली करून दिली. तिसऱ्या खटपटीला कुलूप फिरले. कार्यानुभवाच्या तासाला मुले बोर्ड जोडायची आणि आम्हाला भरतकाम असायचे. ती जुनी रुखरुख त्या दिवशी थोडी कमी झाली. दोन पिनांच्या कुलपाचा चोराला काही धाक नाही, हे मी मित्राला स्पष्ट सांगितले. तो म्हणाला, "आता राखायचे तरी काय आहे?"

होते मात्र. नाण्यांच्या डब्यात एक रुमालाची पुरचुंडी निघाली. तिच्यात रुपयाच्या मापाला घासून आणलेले ४३ लोखंडी वायसर होते. नाण्याऐवजी ते कोण टाकायचे, हे ही स्मरणिका वाचणाऱ्या काही जणांना चांगले ठाऊक आहे. काकांनाही ठाऊक होते. मशीनपाशी कोण उभे आहे हे त्यांना समोर दिसायचे, तरी त्यांनी ना आपल्या सरांकडे तक्रार केली, ना कोणाच्या घरी. रोज रात्री हिशोबात एकेक रुपया कमी धरला आणि वायसर बाजूला ठेवला.

स्नेहसंमेलनाच्या दिवशी मशीन सभागृहाच्या दाराशी असेल, किल्ली कुलपालाच लावलेली. शेजारी ती पुरचुंडी ठेवू. ज्यांचे वायसर असतील त्यांनी ओळखून न्यावेत आणि त्या जागी रुपया ठेवावा. पहिला डाव मात्र आम्हा मुलींचा!