कान्हाला जाताना कोणतं पुस्तक न्यावं?

आजचा विषय सुचला तो एका नेहमीच्या प्रश्नावरून. सुट्टीत कान्हाला निघालेली मंडळी विचारतात, ‘एखादं चांगलं गाइडबुक सांगा ना!’ गेट कोणतं, सफारी कधीची, राहायचं कुठे, हे सगळं आता मोबाईलवर मिळतं. नागपूर-गोंदियाकडून जाणाऱ्यांना मुक्की गेट जवळ पडतं, एवढं सांगायला पुस्तक लागत नाही. मग पुस्तक कशासाठी न्यायचं? आपण जे बघणार आहोत ते असं का झालं, हे कळावं म्हणून. त्या दृष्टीने आज आपण चार जुनी पुस्तकं क्रमाने पाहू.

पहिलं पुस्तक कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांचं. १८६२ साली हे गृहस्थ पचमढीला पोहोचले आणि तिथे त्यांनी ‘बायसन लॉज’ बांधला. मध्य भारतातल्या डोंगराळ मुलखावरचं त्यांचं पुस्तक १८७१ मध्ये आलं. त्याच वर्षी ते वारले. सालाची जंगलं, गवताळ माळ, बारशिंगे, सगळं त्यात आहे आणि वर्णन झकास आहे. पण हा सरकारी वनाधिकारी आहे, हे विसरायचं नाही. सरकारला इमारती लाकूड हवं होतं. त्यामुळे झाडं तोडून, जाळून, त्या राखेत बी टाकणारा बैगा फोर्सिथना जंगलाचा मोठा शत्रू वाटतो. बैगा या शेतीला बेवर म्हणतात. नांगर चालवणं म्हणजे धरतीमातेची छाती फाडणं, अशी त्यांची श्रद्धा. पुस्तकात शत्रू ठरलेला माणूस पुढे कायद्यातही शत्रू ठरला. १८९० मध्ये बेवरसाठी ‘बैगा चक’ नावाचा एक मर्यादित टापू आखून दिला गेला. बाकी ठिकाणी बंदी.

दुसरं पुस्तक १९२३ चं. लेखक डनबार ब्रँडर, तेही वनखात्यातलेच. मध्य प्रांतातल्या एकेका प्राण्याची सवय, चाल, खाणं त्यांनी बारकाईने लिहिलं. लेखक शिकारी आहे, पण शिकारीच्या फुशारक्या कमी आणि निरीक्षण जास्त. बारशिंग्यावरचा भाग तर आजही वाचावा असा. कान्हाच्या माळावर गाडी थांबली की हा भाग आठवावा, म्हणजे एकेकाळी तिथे काय होतं याची कल्पना येते.

तिसरं पुस्तक जॉर्ज शॅलर यांचं, हरिण आणि वाघ यांच्या नात्यावरचं, १९६७ चं. कान्हा राष्ट्रीय उद्यान झालं १९५५ मध्ये. शॅलर १९६३ च्या अखेरीस तिथे राहायला आले. त्यांनी वाघाची विष्ठा गोळा करून तो काय खातो ते तपासलं, हरणांचे कळप मोजले. बंदूक गेली आणि वही आली, असा हा बदल. बारशिंगा किती कमी झालाय, हेही या मोजणीतून लख्ख दिसलं. १९७० मध्ये कान्हात अवघे ६६ बारशिंगे उरले होते. हा कठीण जमिनीवरचा बारशिंगा जगात दुसरीकडे कुठे उरलेला नव्हता.

मग तो वाचला कसा? पिल्लं लपवायला त्याला उंच गवत लागतं. गवताला लावल्या जाणाऱ्या आगी आवरल्या, कुंपण घालून काही जनावरं राखली, आणि उद्यानातली गावं हलवली. सोंफसारखी गावं उठली, तिथल्या शेतांत गवत वाढलं आणि बारशिंगा परत आला. आज आपण ‘काय सुंदर कुरण आहे!’ म्हणून फोटो काढतो, ते कोणाचं तरी शिवार होतं.

म्हणून चौथं पुस्तक. ते गाइडबुकांच्या यादीत कधीच नसतं. व्हेरिअर एल्विन यांचं ‘द बैगा’, १९३९ चं. एल्विन मंडला जिल्ह्यात गोंड-बैगांमध्ये राहिले. आता गंमत पाहा. या पुस्तकात त्यांनी सुचवलं की एक प्रकारचं ‘नॅशनल पार्क’ करावं, पण ते माणसांसाठी! आदिवासींना तिथे त्यांच्या पद्धतीने जगू द्यावं. यावर काहूर उठलं. माणसांना प्राणिसंग्रहालयात ठेवणार का, असं विचारलं गेलं. १९४३ मध्ये आपल्या मालवणचे समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी या वेगळं ठेवण्याच्या विचाराला एका पुस्तकातून उत्तर दिलं. ते पुण्याच्या गोखले संस्थेने काढलं. पुढे एल्विन यांनीही ती भाषा सोडली. पण इतिहासाने काय केलं? त्याच मंडला-बालाघाटात खरोखरच नॅशनल पार्क झालं, आणि त्यातून माणसं बाहेर गेली.

गावं हलवली ते चूक की बरोबर, याचा निकाल आज इथे लागणार नाही. बारशिंगा वाचला हे खरं आणि त्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांची नावं माहितीफलकावर नाहीत, हेही खरं. दोन्ही गोष्टी एकत्र धरून ठेवणं आपल्याला जमलं पाहिजे.

तर पुस्तक निवडताना तीन प्रश्न विचारा. कधी लिहिलं? लिहिणारा कोणाच्या नोकरीत होता? आणि त्यात कोण दिसत नाही? पक्ष्यांसाठी सालिम अली न्या, झाडांसाठी प्रदीप कृष्ण यांचं मध्य भारतातल्या वृक्षांचं पुस्तक न्या, ही दोन्ही पुस्तकं गाडीत हाताशी हवीतच. पण आदल्या रात्री मुक्कामाच्या ठिकाणी या चारांपैकी एक तरी चाळा. आणि सकाळी जिप्सीत बसल्यावर गाइडला वाघाआधी एक प्रश्न विचारा, ‘दादा, तुमचं मूळ गाव कोणतं?’ कदाचित तो समोरच्या कुरणाकडे बोट दाखवेल.